जांभळ्या रांगोळीला पहिलं बक्षीस

कुंभार गल्लीतली सगळ्यात देखणी रांगोळी मगदुमांच्या दारात होती. इतकी गर्द जांभळी, की नगरसेवक तानवड्यांनी पहिलं बक्षीस तिलाच जाहीर केलं.

मांडवाच्या कडेला डॉ. वृंदा कामतेकर संतापाने धुमसत होत्या. ही पूड त्यांच्या प्रयोगशाळेतली. नळाच्या पाण्याचा सडा घालून तिची रांगोळी काढायची. पाणी चांगलं असेल तर ती पांढरीच राहते, काविळीचे विषाणू असतील तर जांभळी होते. रंग मात्र रांगोळी कलाकार दिगंबर सुतारने निवडला होता.

"मी काळपट करा म्हणत होते," त्या त्याच्यावर खेकसल्या. "आता लोक धोक्याला टाळ्या वाजवतायत."

"काळपट रांगोळी दारात कोण काढतं, मॅडम? पहिल्याच दिवशी उकिरड्यावर गेली असती. आणि जांभळा म्हणजे काय, ते आपण घरोघरी सांगितलंय. या नगरसेवकांनाही."

बक्षीस घ्यायला म्हाताऱ्या सोनाबाई मगदूम आल्या. सून कावीळ होऊन दवाखान्यात, म्हणून रांगोळी त्यांनीच काढली होती. त्यांनी नगरसेवकांना कौतुकाने सरबत दिलं. फोटो निघेपर्यंत तानवड्यांनी पेला ओठांजवळ धरला, मग तसाच भरलेला खाली ठेवला आणि ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने गाडीतून पाण्याची सीलबंद बाटली आणली.

दिगंबर पुढे झाला. त्याने पेला उचलून पुन्हा तानवड्यांच्या हातात दिला.

"प्या, साहेब," तो माइकजवळ म्हणाला. "पहिल्या बक्षिसाचं पाणी आहे."