आधी कंबर, मग हात

“दादा, माझी नजर झपाट्याने जातेय. ती पुरती जायच्या आत तुला एकदा गोल्फ खेळताना बघू दे,” असं धाकट्या भावाने पत्रात लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. माझा सगळा खेळ पुस्तकं वाचून आलेला. त्याच्यासमोर फजिती नको, आधी कोच लावून स्विंग, म्हणजे फटक्याची फेक, सुधारू, असं ठरवलं.

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, वर नेला की माझे हात घाईने खाली येत. कोच म्हणायचा, “काका, हातांना कुठली गाडी पकडायचीय? वर क्षणभर थांबा. आधी कंबर वळू द्या, हात मागून येतातच.” रोज सकाळी तेवढंच करत राहिलो. वर्ष सरलं तेव्हा कुठे ते अंगवळणी पडलं.

त्याच दिवशी पत्र लिहायला बसलो. बायको म्हणाली, “अहो, आता कोणाला दाखवणार? जाऊबाईंचा फोन होता. भावजींना उजेडसुद्धा कळत नाही.”

मी लिहिलं, “येतोय. मैदानावर माझ्या शेजारी उभा राहा. चेंडू नीट लागला की आवाज वेगळा येतो.” आणि स्वतः जाऊन ते पत्र टपालपेटीत टाकलं.