गोरज मुहूर्त

“माझं नाव घालायचं नाही,” शशिधर पेठे म्हणाले आणि बिस्किटांची डिश सान्वीपुढे सरकवली. नकार द्यायचा, पण पाहुणचार सोडायचा नाही.

सान्वी लीड्समधल्या एका लहानशा म्युझियममध्ये कामाला होती. तिथं बंद पडलेल्या सिनेमा थिएटरांचं प्रदर्शन लागणार होतं. बाकी सगळ्यांचे मालक सापडले होते. राहिलं होतं ते गावाबाहेरच्या शेतात चाळीस वर्षांपूर्वी एकाच उन्हाळ्यात चाललेलं ड्राइव्ह-इन. आपापल्या गाडीत बसून सिनेमा पाहायचा ते. चार महिने कौन्सिलच्या फायली उपसल्यावर एका परवान्यावर तिला या म्हाताऱ्याची सही सापडली होती. बोर्ड उद्या छापायला जाणार होता, आणि त्यावर अजून ‘मालक : अज्ञात’ असंच होतं.

“पण का, आजोबा? यू बिल्ट इट! लोकांना हा गोष्ट कळला पाहिजे ना.”

“काय कळायचंय? पेठ्यांनी भर उन्हात सिनेमा लावला, हे? ते पेपरवाल्यांनी तेव्हाच छापलंय.”

छापलं होतं खरं. ते कात्रण सान्वीच्या फाइलमध्ये होतं, आणि तिनं ते मुद्दामच वर काढलं नव्हतं.

उद्घाटनाचा मुहूर्त साताऱ्याहून आला होता. अर्चनाच्या, म्हणजे पेठ्यांच्या बायकोच्या वडिलांनी पंचांग पाहून कळवलं होतं : एकवीस जून, गोरज मुहूर्त, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. दिवेलागणीची वेळ, म्हणजे सिनेमालाही सोयीची. पत्र आलं फेब्रुवारीत. तेव्हा लीड्समध्ये पाचलाच दिवे लागत होते, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. पोस्टरं छापली, तिकिटं छापली. जून उजाडला तेव्हा लक्षात आलं, की साताऱ्याची तिन्हीसांज साताऱ्यात. इथं सूर्य पावणेदहापर्यंत जागचा हलत नाही. हॉस्पिटलच्या डार्करूममध्ये एक्स-रे धुण्यात जन्म गेलेला माणूस, आणि नेमका अंधाराचाच अंदाज चुकला!

“मग टाइम चेंज नाही केला?”

“सासऱ्यांनी काढलेला मुहूर्त, अगं. अर्चना म्हणाली, बाबांचा शब्द मोडायचा नाही. दिसो न दिसो, सुरू तर करू. मी बरोबर सात-दहाला मशीन चालू केलं. पडद्यावर नुसतं ऊन. खिडकीला अडकवलेल्या स्पीकरमधून आवाज येतोय, आणि चित्राचा पत्ता नाही. मी केबिनमधून बाहेरच आलो नाही. तोंड कुठं दाखवणार?”

“आणि लोक? गेले?”

“एक गाडी हलली नाही! मला वाटलं, शिव्या घालायला थांबलेत. अंधार पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून दाखवला. पण हसं व्हायचं ते झालंच. दोन महिन्यांत गाशा गुंडाळला.”

त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

“माझं काही नाही गं. पण त्या दिवशी घरी आलो, तर अर्चनाच्या तोंडून शब्द फुटेना. घसा पार बसलेला. माझ्यापायी ती चारचौघांत एवढी रडली असेल. मी विचारलंसुद्धा नाही. पुढं दोनदा तिनं विषय काढला, दोन्ही वेळा मी उठून गेलो. आता ती नाही. कशाला ते सगळं बोर्डावर?”

सान्वीनं फाइल उघडली. कात्रण बाजूला सारून एक पत्र काढलं.

“हे ब्रिस्टलच्या एका बाईनी पाठवलं. त्या दिवशी ती नऊ वर्षांची होती. मी मराठीत सांगते, चुकलं तर सॉरी.” ती ओळीवर बोट ठेवून सांगू लागली. “आम्हाला काहीच दिसत नव्हतं. डॅड म्हणाले, घरी जाऊ. मग एक पिवळ्या साडीतली लेडी खिडकीजवळ आली. म्हणाली, आता हिरो घोड्यावरून येतोय. आता हिरॉइनची आई दार उघडते. मग ती पुढच्या गाडीकडे पळाली. मग परत आमच्याकडे. सगळ्या गाड्या, तीन तास. आम्ही घरी जायला तयारच नव्हतो. शेवटी हिरो-हिरॉइनचं लग्न झालं.”

“लग्न?” पेठे ताठ बसले. “त्यात हिरो मरतो!”

“हो, पुढे तेच लिहिलंय. काळोख झाल्यावर खरा पिक्चर पाहिला, आणि हिरो मेला. सगळे मुलं रडायला लागले. तर ती लेडी परत आली. आवाज पूर्ण गेला होता तिचा, कुजबुजत म्हणाली, तिकडे लक्ष देऊ नका रे, मशीन बिघडलंय.”

पेठे हसले. हसता हसता त्यांना एकदम भरून आलं, आणि ते लपवायला हातात नेमका चष्माही नव्हता. तो केव्हाच मांडीवरून खाली घसरला होता. सान्वीनं तो उचलून टेबलावर ठेवला. चहा गार झाला.

“पेन आहे ना तुझ्याकडं?” शेवटी ते म्हणाले. “लिही. मालक, अर्चना पेठे. माझं नाव खाली घाल, मशीनवर होतो म्हणून.”

सान्वीनं भराभरा लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“थांब. मशीन बिघडलं होतं, तेही लिही,” पेठे म्हणाले. “अर्चना कधी खोटं बोलायची नाही.”