तीन पेडांची वेणी

सरकारी बालवाडीत जागा थोड्या होत्या. आईबापांची कमाई एकत्र धरली, तर घर उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर जात होतं. एकट्या आईची धरली, तर आत बसत होतं. शिवाय एकटीने लेकरू वाढवणाऱ्या आईचा नंबर आधी लागायचा.

म्हणून रोज सकाळी लेकीची वेणी घालता घालता रंगारी बाप तिच्याकडून घोकून घ्यायचा.

"बाईंनी विचारलं, तुझे बाबा कुठे आहेत, तर काय सांगायचं?"

"बाबा आमच्यात राहत नाहीत."

"शहाणी गं माझी चिमणी."

आतून बायकोने टोमणा मारला, "रविवारी तरी कुठे घरात असता? अर्धं खरंच आहे."

बाईंनी बोलावलं त्या दिवशी तो समोरच्या फुटपाथवर येरझारा घालत राहिला. बायको लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि लांबूनच मानेने 'झालं' म्हणाली. त्याचा जीव भांड्यात पडला, पण पाय काही थांबेनात.

शाळेच्या पहिल्या सकाळी तो फणी घेऊन बसला. नखांत कालचा निळा रंग तसाच होता. केसांचे तीन भाग करत तो रोजचंच गुणगुणू लागला, "एक पेड आईचा, एक पेड चिमणीचा, एक पेड बाबाचा..."

लेकीने हात मागे नेला आणि तिसरा पेड मुठीत घट्ट धरला.

"हा नको, बाबा. बाई बघतील."