चौकातलं ऊन

रग्नाने गवती टोपी डोक्यावर चढवली, काळा चष्मा लावला आणि बाकावरचा बर्फ हाताने झाडून ती बसली. पारा उणे नऊवर होता.

"आलं का ऊन?" तिने विचारलं.

"येईल," हाल्वर म्हणाला. "अजून तासभर आहे."

कशाला तासभर, ते दोघांनाही ठाऊक होतं. रग्नाची बहीण बोर्गिल दोन महिने कॅनरी बेटांवर ऊन खायला जाणार होती. सोबतीला रग्ना येणार की नाही, हे तिला आज दोनच्या आत कळायला हवं होतं. 'जाऊ नकोस' असं म्हणणं हाल्वरला चाळीस वर्षांच्या संसारात कधी जमलं नव्हतं. 'मीही येतो' म्हणावं, तर विमानाच्या तिकिटाचा आकडा नुसता वाचूनच तो जाहिरात घडी घालून ठेवायचा. जन्मभर वाचनालयात नोकरी केलेला माणूस तो. आठवडाभर पुस्तकं आणि नकाशे चाळून शेवटी म्हणाला, "ऊनच हवंय ना? मी नेतो. चष्मा तेवढा घे."

आणि त्याने तिला र्‍युकानला आणलं. सप्टेंबर संपला की मार्चपर्यंत ज्या दरीत सूर्य उतरतच नाही, त्या दरीत.

पण हिशेब पक्का होता. डोंगरावर तीन मोठे आरसे बसवलेले होते. ते सूर्याच्या मागे मान वळवत राहायचे आणि त्याचं ऊन खाली चौकात पाडायचे. फुकट. बसला ज्येष्ठांची सवलत, वीजघराच्या संग्रहालयाला सवलत, जेवण घरचं.

सकाळी संग्रहालयात त्याने तिला एकूण एक यंत्र दाखवलं, एकूण एक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. तिकीट काढलं होतं, अर्धवट पाहून कसं चालेल? उपाहारगृहातून ताज्या वॅफलचा वास येत होता, तेव्हा दोघं कोट टांगायच्या खोलीत उभ्याने तपकिरी चीज लावलेला पाव खात होते. रग्ना तिथे एकदाच बोलली.

"इथल्या मजुरांना जेवताना बसू तरी देत असतील."

आता चौकात एक म्हातारी आली. तिने बाकाच्या डाव्या टोकाला उशी ठेवली, तिच्यावर बसली आणि विणकाम काढलं. हाल्वर अंग चोरून मध्ये सरकला.

"मी तोने. इथलीच," ती म्हणाली. "तुम्ही कुठले?"

"कोंग्सबर्गचे."

"आणि इथे कशाला?"

"उन्हाला," रग्ना म्हणाली.

तोनेने टोपीकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं. "का? तुमच्याकडे सूर्य नाही?"

"आहे की. चांगला डोक्यावर येतो."

"मग?"

"याला विचारा. याने कुठेतरी वाचलंय."

हाल्वर वर पाहत होता. आरशांच्या समोरच एक ढग ठाण मांडून बसला होता. "आरसे सूर्यामागे फिरतात ना?" त्याने विचारलं.

"फिरतात तर. ढगाला कोण फिरवणार?" तोनेने सुईनेच डोंगराकडे दाखवलं. "तो रोपवे दिसतो का, लाल डब्याचा? इथल्या खताच्या कारखान्याने बांधला होता, मजुरांना हिवाळ्यात सूर्य दिसावा म्हणून. वर गेलात तर ढगाच्या वरचं ऊन मिळेल. अस्सल."

"तिकीट किती?" हाल्वरच्या तोंडून निघून गेलं.

दोघी त्याच्याकडे वळून पाहत राहिल्या. दीड वाजला. पावणेदोन वाजले. रग्नाने फोन काढून मांडीवर ठेवला.

दोनला सात मिनिटं असताना ढग सरकला आणि चौकात ऊन पडलं. हळूहळू नाही, अंधाऱ्या खोलीत कोणी दिवा लावावा तसं. दुकानांतून माणसं बाहेर आली आणि तोंडं वर करून उभी राहिली. उन्हाची कड सुरीने कापल्यासारखी होती, आणि ती नेमकी बाकावरून गेली होती. तोने उन्हात होती. तिला जागा माहीत होती. हाल्वर उन्हात होता. रग्ना सावलीत.

हाल्वर क्षणभर तसाच बसून राहिला. खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. मग तो उठला.

"तू इकडे ये."

रग्ना सरकली. तिने हातमोजे काढले, मफलर काढला, शेवटी कोटही काढला आणि सगळा ढीग त्याच्याकडे दिला. तो मांडीवर घेऊन हाल्वर सावलीत बसला. तिने डोळे मिटले.

फोन वाजला. बोर्गिलला दोन वाजेपर्यंतही दम नव्हता.

"हो, उन्हातच बसलेय," रग्ना म्हणाली. "नाही गं, शपथ. दिसायला अगदी छान आहे... ऊब?" तिने जरा विचार केला. "हाल्वरसारखी. आहे असं धरून चालायचं."

तोनेच्या सुया थांबल्या. हाल्वरने कोट छातीशी धरला.

"हो, येते," रग्ना म्हणाली.

चौकात कोणीतरी हसलं. हाल्वर आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

"पण तिकिटं दोन काढ. नाही, त्याला अजून विचारलेलं नाही. इथेच आहे, सावलीत बसलाय, माझा कोट सांभाळत. पैसे तोच देईल." तिने फोन ठेवला. डोळे मिटलेलेच होते.

"आता विचारा की," तोने पुटपुटली, "तिकीट किती."

हाल्वरने मांडीवरच्या कोटाची घडी नीट केली. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने बुटाचं टोक हळूच उन्हात सरकवलं.