मूठ नसलेलं टर्नटेबल

"हे नको. याला मूठ आहे."

बाईंनी पेटीसारखं ते सुबक टर्नटेबल एका बोटाने परत सरकवलं. सेल्समन बघतच राहिला. मूठ हाच तर त्या मशीनचा गुण! उचला, हव्या त्या खोलीत न्या, रेकॉर्ड लावा. पहिल्यांदा घेणाऱ्यांना यासारखं दुसरं नाही, असं तो अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता.

आज मात्र त्याचं धाबं दणाणलं होतं. त्याने नवख्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारलेली दोन भारी मशिनं याच महिन्यात परत आली होती. सुई बसवतानाच दोघांच्या नाकी नऊ आले होते. "तिसरं परत आलं की तुझी रवानगी मिक्सरच्या काउंटरवर," दुकानाच्या मालकांनी सकाळीच बजावलं होतं. वर मागच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे दुरुस्त होऊन दोन महिने पडलंय, ते कधी जाणार?" त्या मशीनच्या धन्याला सेल्समनने तीनदा फोन केला होता. गृहस्थ काही न्यायला येत नव्हते. मिक्सरची घरघर आतापासूनच कानात वाजायला लागली होती.

तेव्हा आज ताकही फुंकून प्यायचं, असं त्याने ठरवलं.

"मॅडम, आधी कधी रेकॉर्ड लावलीय?"

"कधीच नाही. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं."

"मग हे घ्या. पूर्ण ऑटोमॅटिक. बटण दाबलं की दांडी आपली आपण उतरते, गाणं संपलं की जागेवर परत. तुम्हाला काही म्हणजे काही यावं लागत नाही."

"हेही नको. मला जमणार नाही असं दाखवा."

सेल्समनने ऑटोमॅटिक मशीन बाजूला ठेवलं. तोवर बाईंची नजर कोपऱ्यातल्या काळ्या धुडाकडे गेली होती. लोखंडी तळ, वजन अठरा किलो. सगळा कारभार हाताने: सुईचा भार तोलायचा, दांडी अलगद उतरवायची, रेकॉर्ड संपली की उठून उचलायची. परत आलेली दोन्ही मशिनं याच जातीची होती.

"हे एकट्या माणसाला तीन जिने उतरवून नेता येईल? आमच्याकडे लिफ्ट नाही."

"एकट्याला? कंबर धरेल, मॅडम. साठीच्या माणसाने तर विचारही करू नये."

"बासष्टचे आहेत ते," बाई म्हणाल्या. "हेच द्या."

सेल्समनने हात जोडले. "मॅडम, आठ दिवसांत परत आणाल. माझी नोकरी आहे हो इथे."

बाईंना त्याची दया आली असावी. त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली आणि पोरांना गणित समजवावं तसं सांगितलं.

"आमच्या तळमजल्यावर एक घड्याळजी राहतात. एकटेच. चारशे रेकॉर्डी आहेत त्यांच्याकडे, पण मशीन बंद. हलकं मशीन घेतलं तर म्हणतील, द्या दोन दिवस, खाली नेऊन ऐकतो. जड घेतलं की माणसालाच वर यावं लागतं. मला लावता येत नाही, म्हणजे रोज यावं लागतं. आणि तीन जिने चढून आलेला माणूस एका रेकॉर्डवर उठतो का?"

सेल्समनचा जीव भांड्यात पडला. हे मशीन काही परत येत नाही. त्याने मोठ्या आनंदाने बिल केलं, दोन हमालांना हाक मारली आणि बाईंना दारापर्यंत सोडायला गेला. दारात त्या थबकल्या. पहिल्यांदाच जराशा घाबरलेल्या दिसल्या.

"त्यांचं मशीन तुमच्याकडेच दिलंय ना दुरुस्तीला? पार्ट आला का हो त्याचा?"

सेल्समनने मागच्या फळीकडे पाहिलं. दोन महिने धूळ खात पडलेल्या मशीनवर घड्याळजींच्या नावाची चिठ्ठी लटकत होती. "अजून नाही आला, मॅडम," तो म्हणाला.

बाई खुशीत पायऱ्या उतरल्या. सेल्समनने हसू दाबलं. कालच घड्याळजी फोनवर म्हणाले होते, "इतक्यात नेत नाही मी. आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलंच, तर पार्ट आला नाही म्हणा."