खडीतली पॉपी

ध्रुवाकडच्या केसाळ पानांच्या पिवळ्या पॉपीला माती मानवत नाही, खत मानवत नाही, पाणीही जेमतेमच लागतं. तिला नुसती खडी हवी. म्हणून उत्तर ध्रुवाजवळच्या ट्रॉम्सो गावातल्या हाल्वोरने अंगणात खडीचा ढीग घातला होता. कित्येक उन्हाळे तो त्यात दुर्मिळ बी पेरत होता आणि उगवायची वाट बघत होता.

मे महिन्यात बर्फ वितळलं आणि दरवर्षीप्रमाणे सगळी गल्ली साफसफाईला जमली. हाल्वोर आत सगळ्यांसाठी वॉफल भाजत होता. ताट घेऊन बाहेर आला, तर अंगण लख्ख.

"हिवाळ्यात पाय घसरू नये म्हणून बर्फावर टाकलेली खडी तुझ्या दारात तशीच पडून होती रे," शेजारीण गुनवोर म्हणाली. "तुला एकट्याला कुठली उचलवतेय? गल्लीच्या पेटीत भरून टाकली. पुढच्या बर्फात सगळ्यांना होईल."

त्या खडीत हाल्वोरचं सगळं बी होतं. पण माणसं बिचारी घामाघूम झाली होती. "फार उपकार झाले," म्हणत त्याने ताट पुढे केलं.

हिवाळ्यात ती खडी घरोघरच्या पायऱ्यांपुढे पडली. उन्हाळ्यात गुनवोर एक उपटलेलं रोपटं घेऊन आली.

"तू झाडांतला माणूस. आमच्या सगळ्यांच्या दारात हे केसाळ तण माजलंय. काय करायचं याचं?"

हाल्वोरला खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं. तो कानापर्यंत लाल झाला.

"उपटत बसू नका," तो म्हणाला. "पाणी घालू नका, आणि वरून खडी टाका. जितकी जास्त, तितकं बरं."