उभा चमचा

जेजू बेटावरच्या रंगरूटांच्या छावणीत जेवायला बसलं की उठायची शिट्टी कधी वाजेल याचा नेम नसे. पहिल्याच दिवशी मान्सोकच्या बुटाची नाडी सुटली, म्हणून जवाच्या भातात चमचा उभा रोवून तो वाकला. शेजारच्या हाकबोंगनं चमचा उपसून त्याच्या भादरलेल्या डोक्यावर टपली मारली. “गाढवा, उभा चमचा मेलेल्यांच्या भातात रोवतात. तू अजून जिवंत आहेस, गीळ.” मग रोजच मान्सोक मुद्दाम चमचा रोवायचा, टपली खायचा आणि वाळूनं कचकचणारा भात चावत पंगत हसायची. दोघं आघाडीवर गेले, परतला एकटा मान्सोक. हाकबोंगच्या मागे कोणी नव्हतं, म्हणून श्राद्ध दरवर्षी मान्सोकच घालतो. “बाबा, पांढरा भात केलाय की,” यंदा सून म्हणाली. “त्याला जवाचाच लागतो,” म्हातारा पुटपुटला. त्यानं स्वतः शिजवलेल्या जवाच्या भातात चमचा उभा रोवला आणि टपलीसाठी डोकं पुढे केलं.